हवाई छत्रीची घडी

चितेगावातून पैठणचा रस्ता धरला की बिडकीन मागे टाकून पाऊण तासात पैठणीच्या गावात पोचतो. त्यामुळे असेल, पण आमच्या भागात जुनी पैठणी सांभाळण्याची रीत घरोघरी सारखी आहे. माझी आई वर्षातून एकदा, पाऊस सरला की, आजीची पैठणी मलमलच्या फडक्यातून काढते, माजघरात सावलीत पसरते आणि परत घडी घालते. मात्र जुन्या घडीवर घडी घालत नाही, दोन बोटं सरकवून नवी घालते. एकाच रेषेवर वर्षानुवर्षं दुमडून राहिली तर जर तिथेच तुटते आणि रेशीम तिथेच कातरतं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

एकदा हे चालू असताना शेजारचे काका आले. ते सेनेच्या पुरवठा दलातून, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअरमधून, हवालदार म्हणून निवृत्त झालेले. विमानातून माल टाकण्याच्या कामावर ईशान्येत बरीच वर्षं काढलेली. थोडा वेळ आईचे हात बघून म्हणाले, "वहिनी, आम्हीपण हेच करत होतो. फक्त आमची साडी जरा मोठी होती."

त्या मोठ्या साडीबद्दल मला लिहायचं आहे. विमानातून उडी मारणाऱ्या सैनिकाची छत्री सिनेमात दिसते, संचलनात दिसते, तिच्यावर टाळ्या पडतात. मालाची छत्री फारशी कुणी बघत नाही. धान्याची पोती, रॉकेलचे डबे, दारूगोळा, औषधं, कधी अख्खी जीप तिच्या भरवशावर खाली येते. सैनिकाच्या छातीवर दुसरी राखीव छत्री बांधलेली असते. मालाला ती नसते. उघडली तर उघडली, नाही तर डोंगरावरच्या ठाण्याचा आठवड्याचा शिधा दरीत. आणि ती उघडणार की नाही, हे आकाशात ठरत नाही. आधी कुठल्या तरी शेडमध्ये, लांबलचक टेबलावर, घडी घालणाऱ्याच्या हातात ते ठरून गेलेलं असतं.

माझे वडील शिंपी. त्यामुळे छत्रीची रचना काकांनी समजावली तेव्हा मला ती आमच्याच दुकानातल्या शब्दांत समजली. छत्री म्हणजे कळ्यांचा घागरा. शेंड्याकडे निमुळत्या आणि घेराकडे रुंद अशा कापडाच्या कळ्या एकमेकींना शिवत जायचं, की मधे फुगणारा गोल तयार होतो. अमेरिकी सैन्याची टनभर मालाची एक प्रसिद्ध छत्री आहे, जी-१२ नावाची. तिचा व्यास ६४ फूट, कळ्या ६४ आणि दोऱ्याही ६४. दोन कळ्यांच्या प्रत्येक शिवणीतून एक दोरी खाली येते. या दोऱ्या पुढे जाड पट्ट्यांना मिळतात आणि पट्टे मालाला. शेंड्यावर मुद्दाम एक भोक ठेवलेलं असतं. ते नसेल तर कोंडलेली हवा एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने घेराखालून निसटत राहते आणि छत्री घड्याळाच्या लंबकासारखी झुलते.

मोठ्या छत्रीत आणखी एक युक्ती असते आणि शिंप्याच्या पोराला ती फार आवडते. वेगात असलेल्या विमानातून बाहेर पडताच एवढं कापड एकदम फुगलं तर हिसका इतका जबर बसेल की शिवणी उसवतील किंवा मालाचे पट्टे तुटतील. म्हणून घेराच्या कडेला कड्या लावून त्यातून एक दोरी ओवलेली असते. नेफ्यातून नाडी ओवतो तशीच. सुरुवातीला ही नाडी आवळलेली असल्यामुळे छत्री थोडीच फुगते आणि वेग मोडते. काही सेकंदांनी नाडीवर बसवलेला बारकासा कापणीचा तुकडा आतल्या छोट्या स्फोटकाने नाडी कापतो आणि मग घेर पूर्ण उघडतो. सुटायची वेळ ठरलेली नाडी!

आता थोडं गणित, कारण मालाच्या छत्रीचं सगळं गणित त्या खाली येण्याच्या वेगात आहे. ६४ फुटांच्या छत्रीखाली हजार किलो माल समुद्रसपाटीजवळ सेकंदाला साधारण साडेआठ मीटर वेगाने उतरतो. हा आपटा म्हणजे एखादी वस्तू बारा फुटांवरून सोडल्यासारखा. त्यासाठी मालाखाली मधाच्या पोळ्यासारख्या घरांचा जाड पुठ्ठा घालतात. तो चुरडतो आणि धक्का पिऊन टाकतो. पण हाच माल, याच छत्रीखाली, साडेपाच हजार मीटर उंचीच्या हिमनदीवर टाकला तर? तिथे हवा समुद्रसपाटीच्या सत्तावन्न टक्केच दाट. छत्रीला धरायला हवाच कमी, म्हणून वेग सव्वाअकरा मीटरच्या आसपास जातो आणि आपटा बारा फुटांऐवजी एकवीस फुटांवरून पडल्यासारखा होतो. म्हणून हिमालयात उंचावर माल टाकायचा तर ओझं कमी करा किंवा छत्री मोठी घ्या.

वाराही आपला हिस्सा मागतो. दोनशे मीटरवरून सोडलेला माल तेवीस-चोवीस सेकंद हवेत असतो. तेवढ्या वेळात ताशी अठरा किलोमीटरचा, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी सहज सुटतो तेवढा वारा त्याला सव्वाशे मीटरच्या आसपास वाहून नेतो. त्यात विमानातून लोटणाऱ्याला एक सेकंद उशीर झाला तर आणखी पन्नास-साठ मीटर.

हे शंभर-सव्वाशे मीटर किती महाग पडतात, ते मराठा पलटणीतल्या जवानांनी मणिपूरमध्ये डोळ्यांनी पाहिलं आहे. मार्च १९४४. जपानी सैन्य इंफाळ आणि कोहिमाच्या रोखाने चालून येत होतं. त्यांच्या वाटेत उखरूलजवळच्या सांगशाक गावी ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड अडून बसली. तिच्यासोबत लढायला पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण दिलेली होती. टेकडीवरची जागा जेमतेम काहीशे मीटर लांब. खडकात खंदक खोदता येईना आणि तळावर पाणी नाही. वरून विमानं पाणी, दारूगोळा, औषधं टाकत होती, पण जागा एवढीशी की बहुतेक छत्र्या कडेपलीकडे वाहत जाऊन जपान्यांच्या हातात पडायच्या. तहानलेल्या माणसाने आपल्या पाण्याचा डबा छत्रीखाली डुलत शत्रूच्या बाजूला उतरताना बघायचा. २६ मार्चच्या रात्री उरलेले सैनिक जंगलातून मागे निघाले. तोवर त्यांनी जपान्यांचे मोलाचे दिवस खाल्ले होते आणि त्या दिवसांत इंफाळ-कोहिमाचा बंदोबस्त झाला. सांगशाकची ही लढाई आपल्या शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

त्याच सुमाराची दुसरी एक गोष्ट आहे आणि ती आमच्या मोंढ्यातल्या कुणाही आडत्याला लगेच कळेल. ब्रह्मदेशच्या आघाडीवरच्या चौदाव्या सेनेचा मोठा भाग विमानाने टाकलेल्या शिध्यावर जगत होता आणि छत्र्या पुरेनात. रेशमाचा मोठा पुरवठादार जपान, तोच शत्रू. सेनापती विल्यम स्लिम यांनी कलकत्त्याच्या ताग गिरण्यांना विचारलं, की तागाची छत्री होईल का? दहा दिवसांत प्रयोग सुरू झाले आणि महिन्याभरात छत्री तयार. कापड ताग, दोऱ्याही ताग, रचना अगदी साधी. शेंड्याला भोकसुद्धा ठेवलं नाही, कारण विणीतूनच हवी तेवढी हवा निघून जाईल असं कापड शोधून काढलं होतं. स्लिम यांनी स्वतः नोंदवलं आहे, की ती नेहमीच्या छत्रीच्या ८५ टक्के गुणाची होती आणि किंमत मात्र वीस पौंडांच्या जागी एक पौंडाच्या थोडी वर. इंग्रजीत पॅराशूट आणि जूट हे शब्द जोडून तिचं नाव पडलं पॅराजूट. माणसासाठी किंवा नाजूक मालासाठी ती वापरायची नव्हती. तांदूळ, पीठ, दाणा यांना ती पुरेशी होती. थोडक्यात काय, बारदानाने पलटणी जगवल्या.

काही माल तर छत्रीविनाच टाकत. तांदळाचं पोतं गच्च न भरता सैल भरायचं, ते दुसऱ्या मोठ्या पोत्यात घालायचं आणि सोडून द्यायचं. आपटल्यावर आतलं पोतं फाटतं, बाहेरचं धान्य सांभाळतं. काका सांगतात, हा प्रकार त्यांच्या नोकरीतही चालत होता. फक्त खाली कुणी उभं नाही ना, एवढं बघावं लागे.

१९७१ च्या युद्धात मराठी माणसाचा आणि छत्रीचा संबंध पुन्हा येतो. ११ डिसेंबरला दुपारी साडेचारच्या सुमारास आताच्या बांगलादेशातल्या टांगाईलजवळ पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण उतरली. ही मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण, १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये आलेली. लोहजंग नदीवरचा पुंगली पूल धरायचा आणि ढाक्याकडे परतणाऱ्या पाकिस्तानी तुकड्या अडवायच्या, हे काम होतं. माणसांसोबत तोफा, गाड्या, दारूगोळाही छत्र्यांवर उतरला. माल शेतांत आणि गावाच्या आसपास विखुरला तेव्हा आजूबाजूचे गावकरी धावत आले आणि तो गोळा करून वाहून न्यायला त्यांनी सैनिकांना हात दिला. त्या संध्याकाळी पूल ताब्यात आला.

युद्धात उतरलेल्या छत्रीचं पुढे काय होतं, याची फिकीर त्या घटकेला कुणी करत नाही आणि करूही नये. पण एरवी, सराव असो की रोजचा पुरवठा, छत्रीचं खरं काम माल जमिनीला लागल्यावर सुरू होतं. गंमत म्हणजे त्या क्षणी ती शत्रूसारखी वागते. माल टेकला तरी वारा छत्री फुगवून धरतो आणि सगळं ओढत नेतो. म्हणून जड मालाच्या पट्ट्यांवर एक कळ बसवलेली असते. हवेत ताण असतो तोवर ती घट्ट धरते आणि जमिनीवर ताण ढिला झाला की सुटते. मग माल एकीकडे पडतो आणि छत्री मोकळी होऊन निजते.

तिथून तिला उचलून आणायचं. याबाबत काकांचा एक धडा मी प्रत्यक्ष घेतला आहे, तोही ताडपत्रीवर. गेल्या खरिपात मळणी झाल्यावर अवकाळीचे ढग आले म्हणून सोयाबीनच्या ढिगावर ताडपत्री टाकली होती. ऊन पडल्यावर मी तिचं एक टोक धरलं आणि ओढत बांधाकडे निघालो. काका बांधावरूनच ओरडले, "आरं, ओढू नको! उचल!" मग स्वतः आले. दुसरं टोक मला धरायला लावलं, ताडपत्री जमिनीवेगळी केली, दोघांनी मिळून तीनदा झटकली. भुसा उडाला. मग त्यांनी कडेकडेने हात फिरवत एकेक कुसळ उपटायला सुरुवात केली. कुसळाला उलटे दात असतात. एकदा कापडात शिरलं की कापड हलेल तसं ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. सराट्याचा काटा तर घडीच्या आत राहिला की दाबाने चार थरांतून आरपार जातो. "एका काट्याची चार भोकं," काका म्हणाले. "आणि वर गेल्यावर एका भोकाची चीर होते."

नायलॉनचं कापड असं सहजासहजी चिरत नाही हे खरं आहे. त्यात दर काही मिलिमीटरवर एक जाड धागा घालून बारीक चौकडी विणलेली असते, म्हणजे चीर सुरू झाली तरी पुढच्या जाड धाग्याशी अडते. रेनकोटाला किंवा तंबूला निरखून बघितलं तर ही चौकडी दिसेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेशीम मिळेनासं झालं तेव्हा नायलॉन पुढे आलं आणि मग रेशीम मागे पडलं ते कायमचं. नायलॉनला कसर लागत नाही, सुती कापडासारखी बुरशी खात नाही. पण त्याचे स्वतःचे वैरी आहेत, आणि ते आपल्या अंगणातच राहतात.

पहिला वैरी ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांनी नायलॉनचे धागे आतून कमजोर होत जातात आणि वरून बघून ते कळत नाही. म्हणून ओली छत्री उन्हात वाळत घालायची नाही, हा पहिला नियम. तिच्यासाठी उंच मनोरा असतो, पाच-सहा मजली विहीर जमिनीवर उभी केल्यासारखा. छत्री शेंड्याला कप्पी लावून आत टांगतात, कळ्या आणि दोऱ्या सरळ लोंबतात, खालून हवा खेळवतात. वाळता वाळता तिला हलवून आतली माती, पानं, गवत आणि किडे झाडून टाकतात. काका सांगतात, एकदा घडी उलगडली तर आतून विंचू निघाला. ईशान्येच्या पावसात भिजलेली छत्री ओलीच गुंडाळून ठेवली तर नायलॉनवर डाग पडतात, पट्ट्यांचा सुती भाग कुजतो, आणि तीच छत्री पुढे थंड उंचीवर गेली तर आतल्या ओलीचा बर्फ होऊन थर एकमेकांना चिकटतात. समुद्राच्या पाण्यात पडली तर गोड्या पाण्यात लवकरात लवकर बुडवून धुवावी लागते. पाणी वाळतं, पण मिठाचे खडे विणीत बसतात आणि प्रत्येक घडीला काचेसारखे धागे कापत राहतात.

दुसरा वैरी आम्ल. ट्रॅक्टरच्या बॅटरीतलं पाणी पँटवर उडालं तर लगेच काही दिसत नाही आणि धुवायला टाकली की जाळी होते, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. नायलॉनचं तेच होतं. म्हणून छत्र्यांच्या कोठारात बॅटरी, इंधन, रसायनं येऊच देत नाहीत. गंजाचा डागही तपासावा लागतो.

तिसरा वैरी घर्षण, आणि हा फसवा आहे. नायलॉन सुमारे अडीचशे अंशांना वितळतं. छत्री उघडताना एक दोरी दुसऱ्या दोरीवरून किंवा कापडावरून सप्पकन घासली तर त्या एका क्षणात तिथे एवढी उष्णता होते की कापड वितळून चकचकीत, कडक पट्टा उमटतो. बोटाला तो लगेच कळतो, आणि डोळ्याला मात्र उजेडासमोर धरल्याशिवाय कळत नाही. घडी घालताना दोऱ्यांना पीळ राहू द्यायचा नाही, दोरीवर दोरी चढू द्यायची नाही, याचं मुख्य कारण हेच.

तपासणी एका टोकापासून सुरू होते. प्रत्येक कळीवर नंबर छापलेला असतो. पहिल्या कळीपासून घेर ते शेंडा, मग दुसरी, मग तिसरी, असं चौसष्टपर्यंत जायचं. भोक, उसवलेली शिवण, डाग, वितळलेला पट्टा दिसला की तिथे खूण लावायची. मग दोऱ्या. मग पट्टे, कड्या, खिळे. घाईत तीन कळ्या सोडून चालत नाही आणि काम इतकं एकसुरी की मन भरकटतं. म्हणून तपासणारा आणि त्याच्यावर पुन्हा तपासणारा, असे दोघं असतात, आणि छत्रीच्या पिशवीला जोडलेल्या नोंदपत्रात तारखेसह सह्या होतात. कुणी घडी घातली, कधी घातली, ही छत्री आजवर किती वेळा उतरली, सगळं तिच्याबरोबर फिरतं. अशी जन्मकुंडली आपल्याकडच्या एसटीच्या टायरलाही असावी, असं मला प्रवासात अनेकदा वाटतं.

दुरुस्तीत तर मी माझ्या वडिलांनाच बघतो. लहान भोकाला ठिगळ, तेही त्याच कापडाचं, त्याच वजनाच्या दोऱ्याने. शिवण इंचाला सात ते अकरा टाक्यांची. नवख्याला वाटतं, जास्त टाके म्हणजे जास्त मजबूत. पण प्रत्येक टाका म्हणजे सुईचं एक भोक. टाके फार दाट झाले की पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी रांग तयार होते आणि ताण आला की कापड नेमकं तिथे फाटतं. वडील ब्लाउज शिवायला शिकणाऱ्या पोरींना हेच सांगत. ताणल्या जाणाऱ्या जागी नागमोडी टाका घालायचा, म्हणजे शिवण कापडाबरोबर लांबते. तुटलेल्या दोरीला गाठ मारायची नाही. गाठीने दोरी आखूड होते, आणि चौसष्टातली एक जरी आखूड झाली तरी तिच्या वाट्याला जादा ताण येतो आणि छत्रीचा घेर कलतो. पूर्ण दोरी बदलायची, मोजून, ताण देऊन, शेजारणीच्या बरोबरीने. ज्या छत्रीला मोठी चीर गेली किंवा जिचे दिवस भरले, ती पुरवठ्यातून बाद होते. तिथे हळहळ नको.

मग घडी. लांब टेबल, एका टोकाला शेंडा अडकवलेला, दुसऱ्या टोकाला पट्टे, आणि मधे सगळी छत्री ताणलेली. कळ्या अर्ध्या डावीकडे, अर्ध्या उजवीकडे, वहीच्या पानांसारख्या एकावर एक रचतात. नऊवारीच्या निऱ्या घालणारी बाई जशी चिमटीत निरी धरून पुढची मोजते, तसंच हे काम. उघडी कळी सरकू नये म्हणून तिच्यावर शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या वजन म्हणून ठेवतात. पुढे ही लांब पट्टी आडव्या घड्या घालत पिशवीत जाते, आणि दोऱ्या पिशवीच्या बाहेरच्या अंगाला वेटोळी करून बंदांत अडकवतात, म्हणजे उघडताना आधी दोऱ्या ओळीने सुटतील आणि मग कापड. क्रम उलटा झाला की गुंता. शेवटी हत्यारं मोजायची. वजनाच्या सगळ्या पिशव्या परत आल्या का, कात्री जागेवर आहे का. एक जरी कमी भरली तर अख्खी छत्री पुन्हा उलगडायची, कारण ती वस्तू आत राहिली असेल.

या सगळ्या मजबुतीच्या मध्यभागी एक मुद्दाम ठेवलेला कच्चा धागा असतो. तो मला अतिशय आवडतो. विमानाला अडकवलेली दोरी पिशवी ओढून धरते, खाली माल पडत असतो, दोऱ्या सुटतात, कापड पिशवीतून बाहेर येतं, आणि सगळ्यात शेवटी शेंडा. हा शेंडा पिशवीला सुती दोऱ्याने बांधलेला असतो. छत्री पूर्ण ताणली जाईपर्यंत त्याने धरून ठेवायचं आणि त्यानंतर तुटायचं. किती ताणाला तुटायचं हे ठरलेलं असतं. घरातला कुठलाही दोरा तिथे चालत नाही. जास्त पक्का दोरा लावला तर तो तुटणार नाही आणि छत्री विमानाच्या शेपटीला लटकून राहील. कमजोर लावला तर आधीच तुटेल आणि कापड ताणलं जाण्यापूर्वीच फुगेल. तो दोरा कुठला, किती पदरांचा, गाठ कोणती, हे सगळं लिहून ठेवलेलं असतं.

घडी घातलेली छत्री कोठारात ठेवतात ती जमिनीपासून उचलून फळ्यांवर, भिंतीपासून हात राखून, खिडकीच्या उन्हापासून लांब. आपल्याकडचा पत्र्याचा शेड एप्रिल-मेमध्ये जसा तापतो, तो तिला मानवत नाही. उंदरांना तर हे मऊ गाठोडं म्हणजे आयतं बाळंतघर. आधी आलेली छत्री आधी वापरायची, मागच्या रांगेत विसरायची नाही. आणि न वापरलेली छत्रीसुद्धा ठरलेल्या मुदतीने उलगडून, तपासून, पुन्हा बांधायची. बांधून ठेवलेलं कापड घडीवर दबून राहतं आणि त्याची फुगण्याची तत्परता जाते. आईची पैठणी मला पुन्हा आठवते ती इथे.

आपल्या देशात या छत्र्या शिवण्याचं मोठं ठिकाण कानपूरचा पॅराशूट कारखाना. तो १९४१ मध्ये, युद्धाच्या गरजेतून उभा राहिला. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध कारखान्यांची पुनर्रचना झाली आणि त्याची ग्लायडर्स इंडिया लिमिटेड ही सरकारी कंपनी झाली. नवीन छत्र्यांची रचना आणि चाचणी आग्र्याला संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत होते. तिच्या कामातली मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट म्हणजे पी-७ नावाची जड माल उतरवण्याची व्यवस्था. आयएल-७६ विमानातून सात टनांपर्यंतचं सामान, गाडीसकट, धातूच्या फळीवर बांधून सोडतात. आधी एक ओढछत्री विमानाच्या मागच्या दारातून बाहेर फुगते आणि फळीला खेचून काढते. मग वेग मोडणाऱ्या छत्र्या, आणि शेवटी पाच मोठ्या मुख्य छत्र्या एकत्र. पाचही साधारण एकाच वेळी फुगायला हव्यात, नाही तर आधी फुगलेलीवर सगळा भार येतो. पाच वेगवेगळ्या घड्या सारख्याच घातल्या गेल्या पाहिजेत, हे ओघाने आलंच.

सांगशाकच्या टेकडीवरच्या माणसांना ज्याची गरज होती तेही आता आलं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये आग्र्याजवळच्या मालपुरा मैदानावर एएन-३२ विमानातून पाच हजार मीटरवरून पाचशे किलोचा माल सोडला गेला. त्याच्यावर गोल छत्रीऐवजी पंखासारखी चौकोनी छत्री होती आणि दोऱ्या ओढून तिला वळवणारं यंत्र. उपग्रहाकडून जागा समजून घेत ती स्वतःच ठरलेल्या ठिकाणी उतरली. वारा वाहत असला तरी ती त्याच्याशी भांडत जाते.

पण सियाचीनसारख्या जागी दुसरंच गणित चालतं. १९८४ पासून तिथल्या ठाण्यांचं बरंचसं सामान हवेतून येतं. हिमनदीवर उतरलेली छत्री परत आणायची तर ती गोळा करायला माणूस पाठवायचा, त्याला प्राणवायू कमी, पायाखाली भेगा, आणि मग तिचं वजन खाली नेणार कोण? बहुतेक छत्र्या तिथेच राहतात. जवान त्यांचं कापड निवाऱ्याच्या भिंतींना आतून लावतात, तेवढीच वाऱ्याला आड. उरलेल्या बर्फात गाडल्या जातात आणि पुढे कुठे तरी पुन्हा वर येतात. या कचऱ्याची काळजी मला वाटते. हिमनदीवर पडलेलं ते नायलॉन पाण्यासारखं वाहून जाणार नाही. एकदाच वापरायच्या स्वस्त छत्र्या, साध्या पॉलिप्रॉपिलीनच्या, जगभर पुढे येत आहेत त्याही छत्री परत आणण्याच्या याच अडचणीतून. सध्या तरी त्यांच्या जागी तागाचा विचार पुन्हा व्हावा, असं मला ब्रह्मदेशची ती गोष्ट वाचल्यापासून वाटत राहतं. ताग निदान कुजतो तरी.

शहरातल्या जुन्या बाजारातून मी एकदा निकालात निघालेल्या छत्रीचं कापड आणलं होतं. अख्खी छत्री नाही, एकच कळी, दोन्ही कडांनी कापलेली. कापड हातात घेतलं तर कागदासारखं वाजतं. काकांनी ती ओट्यावर पसरली, घेराकडून शेंड्याकडे बोट फिरवत गेले आणि मध्यावर थांबले. तिथे तळहाताएवढं ठिगळ होतं, इतकं सफाईदार की मला दोन दिवसांत दिसलं नव्हतं. चारही कडा आत दुमडलेल्या, कोपरे चौकोनी. वडील आतून मोजपट्टी घेऊन आले, चष्मा वर केला आणि नखाने एकेक टाका मोजू लागले.

"इंचाला नऊ," ते म्हणाले, आणि ठिगळावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.